पाच पावलं दक्षिणेला

रस्त्याच्या दुभाजकात कुणीतरी काठ्या रोवल्या होत्या आणि त्यातल्या एका काठीवर कावळा बसला होता. झालं ते एवढंच. काठ्या नव्या होत्या, कंबरेएवढ्या. खाली केबल टाकणार असतील, झाडं लावणार असतील, किंवा कुठल्या तरी खात्याकडे काठ्या उरल्या असतील. कावळा खाली उतरला, मातीत चार उड्या मारल्या, काही मिळालं नाही तसा पुढच्या काठीवर जाऊन बसला. तिथून पुन्हा खाली, पुन्हा चार उड्या. शाळातपासनीस एकेका वर्गात डोकावत जातो तसा. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. एक स्कूटरवाला कोपराला घासून गेला आणि मागे वळून ओरडला, "मरायचंय तर घरी मर की!" सूचना वाईट नव्हती, पण घर माझं नव्हतं, ताईचं होतं, आणि तिथे आधीच जागा कमी. अकराला माझी मुलाखत होती. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या मुलाखतीत एक गोष्ट सांगायची की नाही, हे मी गेले आठ महिने ठरवत होतो आणि काल झोपताना एकदाचं ठरवलं होतं की नाही सांगायची. कावळ्याला हे कुणी कळवलं नसावं.

सकाळी ताईने भावोजींचा शर्ट इस्त्री करून दिला होता. भावोजी माझ्यापेक्षा दोन माप मोठे आहेत, त्यामुळे शर्टाच्या आत मी कुठे उभा राहायचं ते मला ठरवता येत नव्हतं. "काय पक्षिराज," ते चहाच्या कपावरून म्हणाले, "आज पक्की नोकरी म्हणे! म्हणजे आता बारा महिने अंडी मोजणार? पण ते पक्षी तर तीनच महिने अंडी घालतात." मी म्हणालो, "उरलेले नऊ महिने अहवाल घालतात." भावोजी हसले. ते हसतात तेव्हा मला त्यांच्या घरात राहिल्याचं जास्त वाईट वाटतं. रागावले असते तर हिशेब चुकता झाला असता. बंद केलेल्या गॅलरीत माझी घडीची खाट आहे, पायाशी कपडे धुवायचं मशीन. ते पाणी फेकायला लागलं की खाट चालायला लागते आणि मी सकाळी झोपलो होतो तिथून वीतभर पुढे उठतो. भाचीच्या अभ्यासाचं टेबल त्या जागी यायचंय. ते आलेलंसुद्धा आहे, पंधरा दिवसांपासून खोक्यातच जिन्यात उभं आहे, आणि येणारेजाणारे त्याच्याकडे बघून मग माझ्याकडे बघतात. ताईने दारात कॉलर नीट केली आणि हळूच म्हणाली, "विचारतील तेवढंच सांग हं. तुला लहानपणापासून खोड आहे, पाहुण्यांना न विचारता सगळं सांगून टाकायची." मी म्हणालो, "बरं." ती म्हणाली, "एकच जागा आहे ना?" मी म्हणालो, "एकच." मग ती माझ्या खांद्यावरचा नसलेला धागा काढत बसली.

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ते सोडून काय करता. दर वर्षी मोसमात साडेतीन महिने मी एका किनाऱ्यावर पत्र्याच्या खोलीत राहून सुरय पक्ष्यांची घरटी मोजतो. सुरय म्हणजे पांढरा, पिवळ्या चोचीचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. समुद्रात सूर मारून मासे पकडतो आणि अंडी मात्र उघड्या वाळूवर घालतो. घरटं म्हणण्यासारखं त्यात काही नसतं. पोटाने केलेला बशीएवढा खळगा, त्यात दोन अंडी, वाळूच्याच रंगाची, वाळूच्याच ठिपक्यांची. निसर्गाने ती इतकी लपवली आहेत की खुद्द निसर्गाचाही त्यांच्यावर पाय पडत असेल. म्हणून कामावर घेतात तेव्हा पहिल्या दिवशी चालायला शिकवतात. पाऊल उचलून टाकायचं नाही, सरकवायचं; टाच शेवटी टेकवायची; नजर पायाच्या पुढे दोन हात. पाच मोसम मी असा चाललो आणि आता शहरातल्या फरशीवरही तसाच चालतो. लोकांना वाटतं, याचं काहीतरी पडलंय. दोनदा अनोळखी माणसांनी माझ्याबरोबर वाकून शोधलंय. एका गृहस्थांना किल्ली सापडली. ती माझी नव्हती, पण त्यांनी इतक्या आनंदाने हातावर ठेवली की मी घेतली. अजून आहे. कशालाच लागत नाही.

तर काठ्या. घरटं आज सापडलं म्हणून उद्या सापडेल असं नाही. वाळू रोज नवा चेहरा घालून येते. आणि एकेका घरट्याचं शेवटी काय झालं हे लिहायचं, तर ते रोज सापडायला हवं. म्हणून शेजारी खूण लावतात. पूर्वी जो तो आपल्या मनाने लावायचा, कुणी डावीकडे, कुणी दहा पावलांवर, कुणी शिंपल्यांचा ढीग करायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून ढीग शोधायचे. तिसऱ्या वर्षी मी पद्धत बसवली. प्रत्येक घरट्याच्या बरोबर उत्तरेला, बरोबर पाच पावलांवर, कंबरेएवढी काठी, टोकाला पांढरा रंग. काठीपाशी उभं राहायचं, दक्षिणेला तोंड करायचं, पाच पावलं चालायचं, घरटं. डोळे मिटूनसुद्धा. हे माझ्यात बाबांकडून आलं असावं. बाबा शिंपी होते. 'अंदाजे' हा शब्द दुकानात कुणी उच्चारला तर गळ्यातली टेप काढून हातात घ्यायचे, मारणार असल्यासारखी. मला त्यांनी आयुष्यात एकदा शाबासकी दिली, चौथीत, मी वहीत समास आखला होता तेव्हा. "हे बरं आहे," म्हणाले. बाकीचं पान त्यांनी पाहिलं नाही. पुढे वाळूच्या उंचवट्यावर उभं राहून माझ्या काठ्यांच्या रांगा दिसायच्या, दूरवर, एकसारख्या, टोकांवर ऊन, तेव्हा मला दर वेळी वाटायचं की मागून कुणीतरी म्हणणार, हे बरं आहे. आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, वर्षातून एकदा बूट घालून वाळूत यायचे. त्यांनी फोटो काढला आणि म्हणाले, "वा! ही झाली शिस्त." त्या दिवसापासून ती काठी-पद्धत झाली. माझ्याबरोबर शेजारच्या विभागात एक मुलगी काम करायची, गळ्यातली दुर्बीण जेवतानासुद्धा काढायची नाही म्हणून तिला सगळे दुर्बीण म्हणत. तिने मला काठी म्हणायला सुरुवात केली. तिचं अक्षर इतकं वाकडं होतं की तिच्या नोंदी वाचायला तिलाच बोलवावं लागे, आणि मग तीसुद्धा म्हणायची, "हे मी लिहिलंय? कशाला?"

गेल्या मोसमात, पाचव्या आठवड्यात, सकाळी ती वाळूवर पालथी पडली होती आणि पेन्सिल चावत होती. "ए काठी, इकडे ये. आडवा हो. बघ, तो मोजतोय."

"कोण?"

"तो बघ ना. पावलं मोजतोय."

तिने दुर्बीण गळ्यातून न काढताच माझ्या डोळ्यांना लावली, त्यामुळे आमची डोकी आपटली. काचेत एक कावळा होता. माझ्या काठीवर बसला होता. मैलभर वाळूत बसण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. त्याला वाटलं असेल, आपल्यासाठी कुणीतरी खुर्च्या मांडल्यात. त्याने मान वळवली, दक्षिणेला, खाली उतरला आणि सरळ रेषेत चालत गेला. शोधत नव्हता. पत्ता माहीत असलेल्या माणसासारखा चालला. सुरय वरून त्याच्या डोक्यावर झेपा घेत होते, किंचाळत होते. त्याने मान जरा आत घेतली, पावसात घेतो तशी, आणि अंडं फोडलं. मग दुसरं. मग उडून पुढच्या काठीवर. तीन वर्षांत माझी पद्धत पहिल्याच फटक्यात समजलेला हा एकमेव विद्यार्थी. आठवड्याभरात त्याने आणखी तिघांना शिकवलं, आणि शिकवण्याची हातोटी त्याची माझ्यापेक्षा चांगली होती हे मला मान्य करावं लागलं. वाळूवर पिवळा बलक सांडलेला, त्यावर वाळूचे कण चिकटलेले, माश्या, उन्हाचा तो उग्र वास. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मादी त्याच रिकाम्या खळग्यात येऊन बसलेली. पिसं फुलवून, पोट इकडे तिकडे हलवून, खाली अंडी नीट लागावीत म्हणून. खाली काही नव्हतं. ऊन चढलं तसे तिने पंख जरा पसरले, सावली पडावी म्हणून. यावर मला विनोद सुचलेला नाही. आठ महिने प्रयत्न करतोय.

दुर्बीण त्याच मिनिटाला म्हणाली, "काठ्या उपट." मी म्हणालो, सरांना विचारू. ती म्हणाली, "सरांना अंडी घालायची आहेत का?" फोन लागायचा फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की. मी चढलो. सर मुख्य कार्यालयात होते, मागे पंख्याचा आवाज येत होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल." मी म्हणालो, "सर, इथे फांदी नाही, काठी आहे. आणि ती मोडत नाही, तीच तर अडचण आहे." ते म्हणाले, "काठ्या काढल्यात तर नोंदी कशाच्या ठेवणार? हवेच्या? पाच वर्षांची मालिका आहे ती. हात लावू नका." मी टाकीवरून उतरलो. दुर्बिणीने विचारलं नाही सर काय म्हणाले. माझी उतरायची पद्धत बघून तिला कळलं असावं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिने तिच्या विभागातल्या बावीसच्या बावीस काठ्या उपटल्या आणि मोळी बांधून खोलीच्या दारात आणून टाकली. "घे. पाणी तापवायला होतील." मी माझ्या काढल्या नाहीत. परवानगी नव्हती, हे एक कारण. दुसरं कारण मला आज सकाळी रस्त्यात उभा असताना, स्कूटरवाला गेल्यावर, स्वच्छ कळलं: मला त्या रांगा आवडत होत्या. समोर एकेका काठीखाली एकेक घरटं संपत होतं आणि मी रोज जाऊन वाऱ्याने कललेल्या काठ्या सरळ करत होतो.

माझ्या विभागात शहाऐंशी घरटी होती. एक्याऐंशी गेली. फॉर्मवर प्रत्येक घरट्यासमोर शेवटी काय झालं ते लिहायचा रकाना असतो: पिल्लं निघाली, भरती, शिकारी प्राणी, माणूस, कळलं नाही. त्या आठवड्यात मोठी भरती आली होती खरी. घरट्यांच्या चाळीस पावलं खालीच तिला दम लागला आणि ती परत गेली. मी फॉर्म कोरे घेऊन टाकीवर चढलो. सर म्हणाले, "भरती आली होती ना? मग भरती लिहा. कावळा लिहिलंत तर वरचे विचारतील, कावळ्याला कुणी बोलावलं." मी एक्याऐंशी वेळा भरती लिहिलं, माझ्या अक्षरात, जे शिवल्यासारखं सरळ आहे. पहिल्या दहा-बारा वेळा हात जड झाला. विसाव्याला सवय झाली. पन्नासाव्याच्या सुमारास माझे पाय ओले असल्यासारखे वाटायला लागले. फॉर्मवर लिहिणाऱ्याचं नाव नसतं, खाली फक्त प्रमुखांची सही असते. त्यामुळे लिहिताना आपण तिथे नसल्यासारखंच वाटतं. दुर्बिणीच्या विभागात, ती म्हणते, तीसेक पिल्लं उडाली. तिने ती दुर्बिणीतून पाहिली. पण काठ्या नसल्यामुळे कुठलं पिल्लू कुठल्या घरट्याचं ते सांगता येईना, तेव्हा सरांनी बावीस घरट्यांपुढे 'कळलं नाही' लिहायला लावलं. ती म्हणाली, "सर, उडताना पाहिलीत मी." सर म्हणाले, "नोंद नाही म्हणजे पिल्लू नाही." वर्षाचा अहवाल छापून आला, त्यात एक वाक्य ठळक होतं: काठी-पद्धतीमुळे यंदा नोंदीतून एकही घरटं हरवलं नाही. हे खरंच होतं. नोंदीतून एकही हरवलं नाही. वाळूवरून एक्याऐंशी हरवली. दुर्बिणीला मोसम संपायच्या आधी घरी पाठवलं, प्रकल्पाच्या सामानाची परस्पर विल्हेवाट लावली म्हणून. जाताना ती माझ्यावर चिडली नाही. चिडायला हवी होती. पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली, "तू विचारत बसतोस, एवढंच वाईट आहे तुझ्यात." आता ती चष्म्याच्या दुकानात असते. मी एकदा गेलो होतो. कुणाच्या तरी नाकावर फ्रेम बसवत होती, मला बघून म्हणाली, "दिवसभर काचा पुसते रे, पण पलीकडे बघायला काही नसतं."

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मी पाय सरकवत होतो, म्हणून जिन्याला दुप्पट वेळ लागला. पॅसेजमध्ये भिंतीला लागून काठ्यांचे गठ्ठे रचले होते, छताला टेकतील एवढे, टोकं पांढरी, रंग ओला. शिपाई म्हणाला, "अंगाला लागेल हं साहेब. चार हजार आहेत. पुढच्या मोसमाला बाराही किनाऱ्यांवर जाणार." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "ते काठीवाले तुम्हीच ना?" मी म्हणालो, "मीच." त्याने मला खुर्ची दिली. इतक्या आदराने मला खुर्ची कुणी दिली नव्हती. रंगाचा वास डोक्यात जात होता. चार हजार काठ्या. मी मनातल्या मनात चार हजार वेळा दक्षिणेला तोंड केलं. काल ठरवलेलं न सांगणं अजून माझ्याजवळ होतं, खिशातल्या तिकिटासारखं. मी अधूनमधून चाचपून बघत होतो. सांगितलं तर ही जागा गेली. मग टेबल जिन्यात, मी गॅलरीत, भावोजी हसतायत. नाही सांगितलं तर बारा किनारे.

आत तिघं होते. मध्ये मुख्य कार्यालयातल्या बाई, हातात टोक केलेली पेन्सिल, समोर कागद. उजवीकडे सर, मला ओळखत नसल्यासारखे बसलेले, मुलाखतीत तसं बसायचं असतं. डावीकडे एक निवृत्त तज्ज्ञ, ज्यांनी म्हणे हयातभर आकाशातला ठिपका बघून पक्षी ओळखला. ते बिस्किटांच्या बशीकडे बघत होते. बाईंनी अनुभव विचारला, शिक्षण विचारलं. सर मधेच म्हणाले, "पद्धत यांचीच आहे," आणि खुर्चीत मागे रेलले, जणू मलाही त्यांनीच शिवून आणलंय. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सगळीकडे हीच राबवायची आहे. तुमच्या देखरेखीखाली. त्याआधी काही सुधारणा सुचवाल?" मी तोंड उघडलं. काही नाही, असं म्हणायला उघडलं होतं.

"कावळा," मी म्हणालो.

"काय?"

"कावळा काठीवर बसतो. मग दक्षिणेला पाच पावलं चालतो."

आणि मग मला थांबताच येईना. ताई म्हणते ती खोड. कावळ्याचं सगळं सांगितलं, मान आत घेणं, पुढची काठी, आणखी तिघं, एक्याऐंशी. सर माझ्याकडे बघत होते, आपल्याच कुत्र्याने पाहुण्यांसमोर काहीतरी आणून टाकावं तसे. मी बोलायचं थांबलो तेव्हा माझी पाठ ओली होती आणि मला इतकं हलकं वाटत होतं की पुढे काहीही झालं तरी चालेल. जागा गेली, असं मी धरून चाललो होतो. हेच चुकलं. तज्ज्ञ ताठ बसले होते. "खूण वाचतो?" ते म्हणाले. "दिशा आणि अंतर, दोन्ही? अहो, हे फार मोठं आहे!" बाई भराभरा लिहीत होत्या. "काठ्या थांबवायला हव्यात. बरं झालं आत्ताच सांगितलंत. असाच माणूस हवा, जो स्वतःच्या पद्धतीतली चूक स्वतः दाखवतो." कुणी माझं कौतुक करत होतं. खऱ्या बोलण्याचं बक्षीस मिळत होतं, आणि मला त्याची काहीच तयारी नव्हती.

मग बाईंनी कागदांतून एक अर्ज वर काढला. "पण मग हे बघा. या मोसमासाठी एका मुलीचा अर्ज आलाय. आधी होती आपल्याकडे, काढलं होतं. कारण लिहिलंय: काठीवर कावळा बसतो म्हणून काठ्या काढल्या. माझ्या सहकाऱ्याला माहीत आहे, त्याला विचारा." त्यांनी वर पाहिलं. "सहकारी म्हणून तुमचं नाव आहे. तर विचारते. कावळा पहिल्यांदा तुम्ही पाहिलात की तिने?"

त्या सकाळी वाळू पोटाला गरम लागत होती. तिची पेन्सिल, दातांच्या खुणांची. कपाळ आपटलं होतं ते दोन दिवस दुखत होतं. "मी," मी म्हणालो. "मी तिला दाखवला. ती घाबरली आणि परस्पर काठ्या उपटल्या." वाक्य सरळ आलं, एकही टाका न सुटता. बाईंनी मान डोलावली. "आणि मग नोंदींमध्ये सगळीकडे भरती कसं?" त्यांनी गेल्या वर्षीचे माझे फॉर्म त्या अर्जाशेजारी पसरले. सरांच्या हातून पेन खाली पडलं आणि ते वाकून बराच वेळ ते उचलत राहिले. टेबलाखालून कुणी वर येईना. मी म्हणालो, "मी फिरायचो. लिहायची ती."

सर वर आले. चेहरा लाल, पण शांत. "हो, हो. तशीच वाटणी होती यांची. म्हणून तर तिला घरी पाठवलं आपण." इतक्या चटकन आणि इतक्या प्रेमाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं, की बाबांनी समासाकडे पाहिलं होतं ते आठवलं. टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. एकावर शिवल्यासारखं सरळ अक्षर, एक्याऐंशी वेळा. दुसऱ्यावर तिचं, चढणारं, घसरणारं, ओळ सोडून पळणारं. पहिलीतल्या पोराला कळलं असतं. बाई पेन्सिलीला टोक करत होत्या. आकाशातला ठिपका ओळखणारे तज्ज्ञ त्या कागदांवर सरळ वाकले, फॉर्मवरून हात नेला आणि बिस्किट घेतलं. मी वाट बघत होतो. खरंच बघत होतो; कुणीतरी म्हणावं, अहो, हे अक्षर. "वाईट वाटतं," बाई म्हणाल्या, "एवढी चांगली संधी," आणि अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवला. कडा जुळवल्या. "पत्र आठवड्यात मिळेल, पण अभिनंदन करायला हरकत नाही. कधीपासून येऊ शकाल?"

मी म्हणालो, "उद्यापासून."

खाली बसथांब्याच्या बाकावर येऊन बसलो. ताईला फोन करायला हवा होता. काढला, तर तो हातातच वाजायला लागला. दुर्बीण. दुकानात जेवणाची सुट्टी झाली असणार. मागे कुणीतरी डबा उघडत होतं. "काय रे काठी, झाली मुलाखत? मिळाली ना? तुलाच मिळणार होती म्हणा. ऐक, माझ्या अर्जाचा विषय निघाला का? मी तुझं नाव दिलंय, तुला न विचारता. तू विचारत बसतोस, म्हटलं आपण तरी नको."

"निघाला," मी म्हणालो.

"विचारलं तुला?"

"विचारलं."

ती हसली. तिकडे तिने कुणाला तरी, बहुधा शेजारच्या पोरीला, सांगितलं, "विचारलं म्हणे त्याला." पुन्हा फोन तोंडाशी आणला. "मग झालं माझं काम. तू होतास म्हणून बरं. तुझ्याशिवाय कोण सांगणार होतं? बरं, इथे महिनाभर आधी सांगावं लागतं सोडायचं असेल तर. मालक आत्ता आहे समोर. सांगून टाकते, चालेल ना?"

नको म्हणायला मला इतका वेळ होता, की तेवढ्यात एक बस आली, तिची माणसं उतरली, एका म्हातारीला दोघांनी धरून वर चढवलं, कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि बस वळणावरून दिसेनाशी झाली. "हॅलो? आवाज येत नाहीये तुझा," दुर्बीण म्हणाली. "असू दे. सांगते मी त्यांना." आणि तिने फोन ठेवला.